एकोणचाळीस अंकांचा ताळा

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७.

ही संख्या एकोणचाळीस अंकी आहे. १२७ वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून १ वजा करायचा, की ती मिळते. आपल्याकडची एकं, दहं, शतं ही उतरंड परार्धापाशी थांबते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. परार्धाला परार्धाने गुणले आणि जे आले त्याची सतरा हजार पट केली, तरी ही संख्या त्याहून थोडी मोठीच भरते. एवढ्या प्रचंड संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही पूर्ण भाग जात नाही. ती मूळ संख्या आहे. एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने हे १८७६ साली सांगितले. पुढे पाऊण शतक, थेट १९५१ पर्यंत, माणसाला ठाऊक असलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या होती. यंत्राचा आधार न घेता, केवळ हाताच्या आकडेमोडीतून गवसलेली सर्वांत मोठी मूळ संख्या हा तिचा मान तर आजही कायम आहे.

मी गणिताचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेतून शिकलो, नोकरीची वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली, आणि गणित जे काही आले ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून, ग्रंथालयांतून आणि रात्री भरलेल्या वह्यांतून. त्यामुळे या संख्येकडे पाहताना माझ्या मनात आलेला प्रश्नही हिशेबतपासनिसाचाच आहे. ल्युकाला हे कळले कसे? आणि तो म्हणाला म्हणून आपण ते का मानायचे?

शाळेत शिकवलेली रीत सरळ असते. संख्येच्या वर्गमूळापर्यंतच्या एकेका संख्येने भागून पाहावे. कुठेच भाग गेला नाही तर संख्या मूळ. आपल्या संख्येचे वर्गमूळ सुमारे १३० परार्ध आहे. फर्मा आणि ऑयलर यांच्यामुळे या कामात मोठी सूट मिळते, हे खरे. या संख्येला जर एखादा मूळ विभाजक असलाच, तर त्याला २५४ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७. बाकीच्या संख्यांकडे पाहण्याचीही गरज नाही. पण एवढी गाळणी लावूनही जे उमेदवार उरतात, ते दर सेकंदाला एक या वेगाने तपासायचे म्हटले तर सुमारे ८१ कोटी वर्षे लागतील. ऑयलरने १७७२ मध्ये याच सवलतीच्या जोरावर २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे २१४७४८३६४७, ही संख्या मूळ असल्याचे दाखवले होते. तिचे वर्गमूळ ४६ हजारांच्या घरात, म्हणून ते जमले. १८११ साली पीटर बार्लो या इंग्रज लेखकाने तर लिहून टाकले की याच्या पलीकडे कोणी जाणार नाही, कारण असल्या संख्या गमतीच्या असल्या तरी बिनउपयोगाच्या आहेत. माणसाच्या रिकाम्या वेळेचा अंदाज बांधण्यात बार्लो फारच कमी पडला.

या कुळातील संख्यांना मर्सेनचे नाव आहे. मारें मर्सेन हा सतराव्या शतकातला फ्रेंच धर्मगुरू. २ चा कितवा घात घेऊन १ वजा केले असता मूळ संख्या मिळते, याची एक यादी त्याने १६४४ मध्ये छापली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. घातांक स्वतः मूळ असावा लागतो, हे दोन-अंकी पद्धतीत लगेच दिसते. त्या पद्धतीत या संख्या म्हणजे नुसत्या एकांची रांग. सहा एके मांडले, १११११११ नव्हे तर १११११्१ अशी सहांची रांग केली, की ती तीन-तीनच्या दोन सारख्या तुकड्यांत फुटते, म्हणून तिला १११ ने भाग जाणारच. मूळ घातांकाची रांग अशी सारख्या तुकड्यांत फुटत नाही. पण घातांक मूळ असणे पुरेसे नाही. ११ मूळ आहे, तरी २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७, ही २३ × ८९ आहे. मर्सेनच्या यादीत ६७ आणि २५७ चुकीचे होते. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. यादी पूर्ण तपासून व्हायला १९४७ साल उजाडले. १२७ मात्र बरोबर निघाला. मर्सेनला तो कशावरून सुचला असेल ते असो. सिद्धता त्याच्याकडे नव्हती, आणि त्या काळी असणे शक्यही नव्हते.

ल्युकाने काय केले ते सांगण्याआधी आपल्या ओळखीच्या एका गोष्टीकडे जातो. जुन्या पिढीतली माणसे गुणाकार केल्यावर नवाचा ताळा पाहत. अंकांची बेरीज करायची, तिच्या अंकांची पुन्हा बेरीज, शेवटी एक अंक उरेतो. तो म्हणजे संख्येला ९ ने भागून उरणारी बाकी. वर दिलेल्या एकोणचाळीस अंकांची बेरीज १५४ येते. १ + ५ + ४ म्हणजे १०, आणि १ + ० म्हणजे १. आता दुसऱ्या बाजूने पाहू. २ च्या घातांना ९ ने भागले की बाक्या २, ४, ८, ७, ५, १ अशा सहाच्या फेऱ्याने येतात. १२७ ला ६ ने भागून १ उरतो, म्हणजे १२७ व्या घाताची बाकी २. त्यातून १ वजा केला की १. ताळा जुळला. लेखाच्या पहिल्या ओळीत एखादा अंक छापताना बदलला असेल तर बहुतेक वेळा तो या ताळ्यात सापडेल. दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर मात्र सापडणार नाही, हे मुद्रितशोधकाच्या माहितीसाठी.

ताळ्याची खुबी अशी की मूळ संख्या कितीही अवाढव्य असो, आपण हातात फक्त बाकी धरतो. ल्युकाची रीत याच खुबीवर उभी आहे. ३ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे. ३ चा वर्ग ९, वजा २, सात. ७ चा वर्ग ४९, वजा २, सत्तेचाळीस. पुढे २२०७. जी संख्या तपासायची आहे तिने दर पायरीला भागायचे आणि फक्त बाकी पुढे न्यायची. घातांकाहून एकाने कमी असलेल्या क्रमांकाचे पद शून्य आले, तर संख्या मूळ, एरवी संयुक्त.

एक लहान नमुना करून पाहू. २ चा ७ वा घात वजा १ म्हणजे १२७. आपल्याला सहावे पद हवे. ३, ७, ४७ ही पहिली तीन. चौथे २२०७. याला १२७ ने भागण्याऐवजी एक सोपी युक्ती आहे. १२८ ला १२७ ने भागले की १ उरतो. म्हणून जितके १२८ निघतील तितके एक धरायचे. २२०७ मध्ये १२८ सतरा वेळा जातात आणि ३१ उरतात. १७ + ३१ = ४८. ही बाकी. नवाच्या ताळ्यात दहा हा एकासारखा वागतो, तसा इथे १२८ वागतो. ४८ चा वर्ग २३०४, वजा २, २३०२. त्यात १२८ सतरा वेळा, उरले १२६. बेरीज १४३, त्यातून १२७ काढले की १६. सोळाचा वर्ग २५६, वजा २, २५४. म्हणजे बरोबर दोन वेळा १२७. बाकी शून्य. सहावे पद शून्य आले, १२७ मूळ.

हेच २०४७ वर करून पाहिले तर पदे अशी येतात: ३, ७, ४७, १६०, १०३४, ६२०, १६०९, १४७१, आणि पुन्हा १६०. एकदा १६० परत आला की पुढे सगळे तेच तेच फिरत राहणार. दहावे पद शून्य असायला हवे होते, ते १०३४ आहे. कितीही पुढे गेलो तरी या फेऱ्यात शून्य येणार नाही. २३ आणि ८९ यांची नावेही न घेता २०४७ संयुक्त असल्याचे कळले. (३ पासून सुरू होणारी ही रीत घातांकाला ४ ने भागून ३ उरत असतील तेव्हाच चालते. ७, ११ आणि १२७ तसे आहेत.)

३, ७, ४७, २२०७ या संख्या आल्या कुठून? १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ अशी एक श्रेणी आहे, जिच्यात प्रत्येक पद मागच्या दोन पदांची बेरीज असते. आपल्या संख्या म्हणजे तिची दुसरी, चौथी, आठवी, सोळावी पदे. आज तिला ल्युकाचे नाव आहे. तिची सख्खी बहीण १, २, ३, ५, ८ ही फिबोनाचीची श्रेणी, आणि ते नाव रूढ केले ल्युकानेच. आपल्याकडच्या छंदशास्त्रज्ञांना ती श्रेणी फिबोनाचीच्या आधीपासून माहीत होती. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग इतक्या मात्रांचा चरण किती प्रकारे बांधता येईल, या प्रश्नातून विरहांक आणि हेमचंद्र तिथे पोचले होते. मात्रावृत्तांच्या मोजणीतून निघालेली ही बेरजेची रीत एका मूळ संख्येच्या सिद्धतेत साक्षीला उभी राहते, हे मला त्या संख्येच्या आकारापेक्षाही अधिक विलक्षण वाटते.

पण शून्याचा आणि मूळपणाचा संबंध काय? याचे उत्तर संख्येच्या शेजाऱ्याकडे आहे. आपल्या संख्येत १ मिळवला की २ चा १२७ वा घात मिळतो, ज्यात दोनाखेरीज दुसरा अवयवच नाही. ल्युकाच्या पायऱ्या एका वर्तुळाकार वाटेवरून चालतात, आणि दर पायरीला वाटेची लांबी दुपटीने उलगडते. १२६ वे पद शून्य येणे याचा अर्थ असा, की ती वाट सुरुवातीच्या जागी परत यायला निदान २ च्या १२७ व्या घाताइतकी घरे घेते. आता समजा, आपल्या संख्येला वर्गमूळाहून लहान असा एखादा मूळ विभाजक आहे. त्या विभाजकाच्या बाक्यांच्या जगात, ५ च्या वर्गमूळाला तिथे जागा करून दिली तरी, जास्तीत जास्त विभाजकाच्या वर्गाइतकीच घरे असतात. विभाजकाचा वर्ग आपल्या संख्येहून मोठा नाही, आणि वाटेला तर तिच्याहून जास्त घरे हवीत. एवढी लांब वाट त्या जगात मावतच नाही. म्हणजे असा विभाजक नाही. ८१ कोटी वर्षांचे काम टळले ते इथे. एकेक उमेदवार पकडून भागण्याऐवजी सगळ्यांना एकदम दाराबाहेर काढले.

ल्युकाला १२५ वेळा वर्ग करावे लागले. दर वेळी संख्या ३९ अंकांपर्यंतची. एका वर्गात एकेरी अंकांचे दीड हजारांवर गुणाकार, सगळे मिळून सुमारे एक लाख नव्वद हजार. मी एकदा असा एकच वर्ग कागदावर केला. रविवारची दुपार त्यात गेली, शेवटी ताळा जुळला तेव्हा चहा गार झाला होता. उरलेल्या १२४ पायऱ्या मी संगणकावर सोपवल्या आणि शून्य डोळ्यांची पापणी लवण्याआधी पडद्यावर आले. ल्युका मात्र या कामासाठी दोन-अंकी पद्धतीकडे वळला. १२७ घरे लांब, १२७ घरे रुंद असा पट आणि त्यावर प्यादी, असा जणू खेळच त्याने वर्णिला आहे. प्यादे असलेले घर म्हणजे १, रिकामे म्हणजे ०. वर्ग करायचा म्हणजे तीच ओळ एकेक घर सरकवून खाली खाली मांडायची. जे प्यादे १२७ व्या घराबाहेर जाईल ते त्याच ओळीच्या पहिल्या घरात परत आणायचे, कारण वर १२८ बाबत पाहिले तेच इथे २ च्या १२७ व्या घाताबाबत खरे आहे. भागाकार असा करावाच लागत नाही. मग दोन प्यादी एका घरात आली की ती काढून शेजारच्या घरात एक ठेवायचे. या कामाला त्याला १९ वर्षे लागली असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. मला ते पटत नाही. १८७६ च्या १९ वर्षे आधी तो पंधरा वर्षांचा होता, आणि रीत हाती आल्यावर १२५ वर्गांना एवढा काळ लागत नाही.

हिशेबतपासनिसाला खटकणारी जागा इथेच आहे. संख्या संयुक्त आहे असे कोणी म्हटले तर त्याने अवयव दाखवावेत. गुणून पाहिले की वाद मिटला. ६७ व्या घाताचे तसेच झाले. ल्युकाने १८७६ मध्येच ती संख्या संयुक्त ठरवली होती, पण अवयव न देता. ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला, एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार केला, दोन्हीकडे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ आले, आणि एक शब्द न बोलता तो जागेवर जाऊन बसला असे सांगतात. पण ‘मूळ आहे’ म्हणणाऱ्याने फळ्यावर काय मांडावे? त्याच्याकडे दाखवायला एक शून्य आहे, आणि त्या शून्यामागे लाखभर बारीक गुणाकार. वाटेत एक हातचा चुकला असता तर शून्य येण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. भलतीच कुठली तरी एकोणचाळीस अंकी बाकी आली असती. म्हणून चुकीच्या आकडेमोडीतून योगायोगाने ‘होय’ निघणे फार अवघड, आणि ‘नाही’ निघणे सहज शक्य. ल्युकाचे उत्तर ‘होय’ होते, ही त्याच्या बाजूची भक्कम साक्ष आहे. तरी साक्ष म्हणजे सिद्धता नव्हे. १९१४ मध्ये फोकॉम्बर्ग या फ्रेंच गणितज्ञाने सगळी आकडेमोड पुन्हा केली आणि निकाल तोच आला. ल्युकाच्या मूळ मांडणीतल्या तर्काच्या फटी डी. एच. लेमर याने १९३० मध्ये बुजवल्या आणि ३ ऐवजी ४ पासून सुरुवात करून रीत सर्व विषम मूळ घातांकांना लागू केली. ती आज ल्युका-लेमर कसोटी म्हणून ओळखली जाते.

संख्येचे आणखी काही गुण थोडक्यात. तिला २ च्या १२६ व्या घाताने गुणले की ७७ अंकी परिपूर्ण संख्या मिळते. ६ आणि २८ यांसारखी, जिच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते. तिला जुळी मूळ संख्या नाही: तिच्यातून २ वजा केले की शेवटी ५ येतो, आणि २ मिळवले की ३ ने भाग जातो. पण त्या दुसऱ्या संख्येला ३ ने भागून जे ३८ अंकी उत्तर येते, तेही मूळ आहे. १२७ हा स्वतःही २ चा घात वजा १ या घडणीचा. २ चा घात वजा १ मूळ, आणि २ चा घात अधिक १ भागिले ३ हेही मूळ, असा दुहेरी योग आजवर ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६१ आणि १२७ यांतच सापडला आहे. १२७ च्या पुढे एकही नाही.

उपयोगाचे विचाराल तर बार्लो इथेही हरला. ऑयलरची २१४७४८३६४७ ही ३२ बिटांच्या खात्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या. १९ जानेवारी २०३८ रोजी जुन्या संगणकांची घड्याळे तिच्यापाशी अडणार आहेत. ल्युकाची संख्या १२८ बिटांच्या खात्यात तेच काम करते, आणि तिच्यावर भागून बाकी काढणे अतिशय स्वस्त पडते म्हणून २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘फोरक्यू’ या सांकेतिक लेखनाच्या वक्राचा पाया तीच आहे. पटाबाहेर गेलेले प्यादे पहिल्या घरात आणण्याचीच ती युक्ती.

१९५१ मध्ये आधी फेरिएने टेबलावरच्या गणनयंत्राने ४४ अंकी आणि मग मिलर व व्हीलर यांनी केंब्रिजच्या एडसॅक संगणकाने ७९ अंकी मूळ संख्या काढली. ही दुसरी संख्या म्हणजे ल्युकाच्या संख्येच्या वर्गाची १८० पट अधिक १. जुन्या राणीच्या खांद्यावर उभे राहूनच नवी राणी झाली. जानेवारी १९५२ पासून मर्सेन संख्यांनी गादी पुन्हा जिंकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली त्यांतली सर्वांत मोठी ४,१०,२४,३२० अंकी आहे, आणि तिची खातरजमाही ल्युका-लेमर कसोटीनेच झाली. कोणतीही संख्या, मग ती मर्सेनच्या कुळातली नसली तरी, मूळ आहे की नाही हे वाजवी वेळात आणि निःसंशय ठरवण्याची रीत २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. तत्त्व म्हणून तिची थोरवी मोठी. पण मर्सेनच्या घरातल्या संख्यांना ल्युकाचीच किल्ली अधिक चटकन लागते.

ल्युकाविषयी दोन शब्द. जन्म १८४२ चा, आमियाँचा. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो तोफखान्यात अधिकारी होता, नंतर पॅरिसमध्ये शाळामास्तर. १८८३ मध्ये त्याने एक खेळणे बाजारात आणले, तीन काठ्यांवरून चकत्या हलवण्याचे, आणि त्यावर स्वतःच्या नावाची अक्षरे उलटसुलट करून भलतेच नाव घातले. त्या खेळण्याबरोबर काशीच्या देवळातल्या ६४ सोन्याच्या चकत्यांची कथा युरोपभर पसरली: चकत्या हलवून झाल्या की जग संपणार. ६४ चकत्यांना २ चा ६४ वा घात वजा १ इतक्या चाली लागतात. सेकंदाला एक म्हटली तर सुमारे ५८ हजार कोटी वर्षे. काशीच्या देवळात असे काही नाही, पण देवळातल्या त्या चकत्या १२७ असत्या तर चालींची संख्या नेमकी आपली एकोणचाळीस अंकी संख्या झाली असती. १८९१ मध्ये एका परिषदेच्या मेजवानीत वाढप्याच्या हातून ताटे पडली, फुटलेल्या ताटाचा तुकडा उडून ल्युकाच्या गालाला लागला, जखम चिघळली आणि काही दिवसांत तो गेला. वय ४९.

त्याच्या १८७६ च्या निकालानंतर लगेच काटालान या गणितज्ञाने एक साखळी मांडली. २ घ्या. २ चा २ रा घात वजा १, तीन. २ चा ३ रा घात वजा १, सात. २ चा ७ वा घात वजा १, १२७. २ चा १२७ वा घात वजा १, आपली संख्या. पाचही मूळ. मग सहावी? २ चा घात म्हणून आपली अख्खी संख्याच ठेवायची आणि १ वजा करायचा. ती मूळ आहे का, हे कोणालाही ठाऊक नाही. ती लिहायची तर सुमारे ५ वर ३७ शून्ये इतके अंक लागतील. एवढे अंक ठेवायला पृथ्वीवर जागा नाही. ल्युकाची कसोटी तिथे निरुपयोगी आहे, कारण पायऱ्याच आपल्या संख्येइतक्या. उरतो तो भागून पाहण्याचाच मार्ग, आणि त्यात पुन्हा फर्माची गाळणी: विभाजक असलाच तर तो आपल्या संख्येच्या एखाद्या सम पटीत १ मिळवून आलेला असला पाहिजे. पहिला उमेदवार, दुप्पट अधिक १, म्हणजे २ चा १२८ वा घात वजा १. त्याला ३ ने भाग जातो, तो बाद. त्यापुढचे उमेदवार संगणकांवर एकेक करून तपासले जात आहेत. अजून एकानेही भाग गेलेला नाही.